मागे लोटणारा पाय

परदेशी शिकायला गेलं की माणूस घडतो, असं माझी आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला छातीठोकपणे सांगते. ती स्वतः चार दिवसांपेक्षा जास्त कधी घराबाहेर राहिलेली नाही. मला तिथे जाऊन दीड वर्ष झालं तरी मी काही घडले नव्हते. मी प्लास्टर घासत होते. कृत्रिम पाय बनवायला शिकायचं म्हणजे आधी माणसाच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरचा ठसा गुळगुळीत करायचा, सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत, नाकातोंडात पांढरी पूड जाईपर्यंत. ठशावर बोट फिरवताना कुठे अडलं, की आमचे सर एक शब्द न बोलता तो उचलायचे आणि कचऱ्याच्या पिंपात टाकायचे. त्यांना आम्ही विद्यार्थी मिलिमीटर म्हणायचो. तोंडावर नाही, अर्थात.

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला आश्चर्य वाटायला नको. लोकांना वाटतं, वडिलांचा पाय गेला म्हणून मुलगी पाय बनवायला शिकली, केवढं प्रेम. प्रेम कसलं? मी रागाने गेले होते. बाबांसाठी असा पाय बनवायचा होता, की त्यांना सबब म्हणून उरू नये.

बाबा लाकडाच्या वखारीत होते. एक ओंडका घसरला आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मी नऊ वर्षांची होते. मोठ्या दवाखान्यात त्यांना पाय मिळाला, तिथल्या लांब व्हरांड्यात ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, आई रडली, मी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "हा पाय मला मागे लोटतो." आणि पडले. पुन्हा दवाखान्यात नेलं, तिथे व्यवस्थित चालले. घरी आणलं, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाने कागदावर लिहून दिलं: रुग्ण सहकार्य करीत नाही.

तो कागद आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि चौदा वर्षं वापरला. घरात कुणीही आलं आणि बाबांची चौकशी केली, की कागद बाहेर. तिचंही चुकीचं म्हणता येणार नाही. ती दिवसभर शिवणाचं मशीन चालवायची, लोकांच्या गणवेशांच्या काखा आणि चड्ड्यांच्या नाड्या शिवून घर ओढायची, आणि हा माणूस कुबडी टेकून दारातल्या खुर्चीत बसायचा. "तिथे चालता येतं आणि इथे येत नाही, म्हणजे काय समजायचं?" ती म्हणायची. "तुमच्या मनातच नाही चालायचं." बाबा म्हणायचे, "अगं, लोटतो तो." तेवढंच. पाय लोटतो म्हणे. आत्या तर त्यावरून त्यांची नक्कल करायची.

मीही काही कमी नव्हते. पंधरा वर्षांची असताना पाहुण्यांसमोर मी म्हटलं होतं, "बाबा, लोक एका पायाने डोंगर चढतात. तुम्हाला मोरीपर्यंत जाता येत नाही?" पाहुणे हसले. बाबाही थोडे हसले. त्यानंतर त्यांनी पायाबद्दल बोलणंच सोडलं, आणि मला वाटलं, लागला बाण.

तर शेवटच्या परीक्षेचं असं होतं. विद्यार्थ्याने एका माणसाचा पाय पहिल्या ठशापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत एकट्याने बनवायचा. त्या माणसाने तो महिनाभर वापरायचा आणि फॉर्मवर सही करायची. सही मिळाली की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं की मी पुढच्याच महिन्यात घरी. आईने खोली रंगवून घेतली होती. सही नाही मिळाली तर आणखी सहा महिने, नवा माणूस, नवा पाय.

माझ्या वाट्याला आली गालिचे दुरुस्त करणारी एक बाई. साठीच्या पुढची, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारी, गाडीच्या धडकेत पाय गेलेली. बोलणं मोजकं, तेही समोरच्याने विचारलं तर. मी तिच्या पायाचा ठसा घेतला, सॉकेट केलं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, आणि जुळवणी केली. आमच्याकडच्या फरशीवर ती अशी चालली, की मिलिमीटरांनीही मान हलवली. मी त्या दिवशी वसतिगृहावर जाऊन दोन माणसांचं जेवले.

दहाव्या दिवशी पाय पार्सलने परत. आत चिठ्ठी: मागे ढकलतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा दोन समुद्र ओलांडून माझ्या मागे आलेत असं वाटलं. आम्ही सॉकेटमधलं अस्तर बदललं, पाठवलं. परत आला. मग तिला बोलावून घेतलं, ती आली, आमच्यासमोर झकास चालली, जिनासुद्धा उतरली. गेली. आणि पाय तिसऱ्यांदा परत. तीच चिठ्ठी, तेच दोन शब्द, जणू तिने चिठ्ठ्या छापूनच ठेवल्या होत्या.

फॉर्मवर एक रकाना असतो: पाय परत येण्याचं कारण. त्यापुढे दोन चौकोन. एक 'रुग्णाकडून', दुसरा 'बनवणाऱ्याकडून'. सरांनी तिन्ही वेळा पहिल्या चौकोनात खूण केली, आणि शेवटी शेऱ्यात लिहिलं की रुग्णाची वापरण्याची इच्छा दिसत नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, आपला पाय निर्दोष आहे म्हणून. सही तेवढी राहिली होती. मी तिला पत्र टाकलं, तर उत्तर आलं: जिने पाय बनवला तिने तो घेऊन इथे यावं, मग सही.

"जा," सर म्हणाले.

"सर, आपण कधी रुग्णाच्या घरी जातो का?"

"मी तीस वर्षांत गेलेलो नाही. तुला सही हवी आहे. मला नको आहे."

दीड वर्षात मी त्या देशाचं काय पाहिलं होतं? वसतिगृह, कार्यशाळा आणि मधलं दुकान. आता एका हट्टी म्हातारीपायी मला एक अख्खा दिवस रेल्वेत, मग बोटीत, मग बसमध्ये बसून जायचं होतं. पाय पिशवीत मावेना. बुटाचा पुढचा भाग बाहेर आलेला, आणि आगगाडीत समोर बसलेलं एक कुटुंब तिकडे बघून जागा बदलून गेलं. तिकीट तपासनीस आला, त्याने बुटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"याचं तिकीट?"

"एकच पाय आहे. पाव तिकीट पुरेल."

तो हसला नाही, पण पुढच्या डब्यात जाऊन कुणाला तरी सांगितलं असावं, कारण तिथून दोघे जण येऊन बघून गेले. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनातल्या मनात भाषण तयार करत होते. तिथली भाषा मला कामापुरती येत होती: घट्ट होतं का, दुखतं का, वळा, बसा. भांडायला लागणारी भाषा वेगळी. ती मी त्या प्रवासात जमवली. बोटीत शेजारी बसलेल्या एका आजीबाईंना विचारून 'सबब' आणि 'वेळ फुकट घालवणं' हे शब्द पक्के करून घेतले. त्यांना वाटलं माझं नवऱ्याशी भांडण आहे. त्यांनी आणखी दोन शब्द आपणहून दिले. ते मी इथे लिहीत नाही.

बसच्या शेवटच्या थांब्यापासून वीस मिनिटं चालत गेले. दुपार होती. बाईने कुबड्यांवर येऊन दार उघडलं. आत एकच मोठी खोली, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचे. काही उलटे घातलेले, काहींच्या मधोमध भोकं, भोकांच्या कडेने ताणलेले दोरे. कोपऱ्यात लोकरीच्या लडी, वाकड्या सुया, लोखंडी फणी. जमीन म्हणून दिसतच नव्हती.

"बूट बाहेर," बाई म्हणाली.

मी बूट काढले. भाषणाचं पहिलं वाक्य ओठांवर होतं. बाई खाली बसली, तिने पिशवीतून पाय ओढून काढला आणि आपल्या पायाला चढवला. मग तिने त्या पायातला बूट उपटून काढला आणि दाराबाहेर माझ्या बुटांशेजारी ठेवला.

मी तिथे तशीच उभी राहिले. तो पाय मी बनवला होता, त्याचा स्क्रू न् स्क्रू माझ्या ओळखीचा होता, आणि त्याला बुटाशिवाय उभा मी कधीच पाहिला नव्हता. आमच्या कार्यशाळेत जुळवणीच्या पहिल्या दिवशी पायात बूट घालतात, तो शेवटपर्यंत उतरत नाही. बुटाच्या टाचेची उंची धरूनच घोट्याचा कोन लावतात. तशीच शिकवण आहे. बूट गेला की टाच खाली जाते, नडगी मागे कलते आणि गुडघा मागच्या मागे दाबला जातो. सपाट जमिनीवर माणूस चढ चढतो, आणि तो चढ संपत नाही.

बाई उठली. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिसऱ्याला तिचं अंग मागे गेलं आणि तिने भिंत धरली. तिच्या हाताच्या उंचीवर भिंतीचा रंग गेलेला होता, खोलीभर, एक पट्टाच्या पट्टा.

"ढकलतो," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. मी बघितलं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी गुडघ्यांवर बसले आणि दाराबाहेरच्या त्या बुटाच्या टाचेला पट्टी लावली. दोन सेंटिमीटर. मिलिमीटरांच्या भाषेत वीस. ज्या माणसाने अर्ध्या मिलिमीटरसाठी माझे सात ठसे पिंपात टाकले होते, त्याला वीस मिलिमीटर दिसले नव्हते, कारण त्याने तीस वर्षांत कुणाच्या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता.

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही, की काम करताना पायात बूट नसतात?" माझा आवाज चढला होता.

"तुम्ही विचारलंत, दुखतं का. दुखत नाही म्हटलं. विचारलंत, घट्ट होतं का. नाही म्हटलं." तिने खोलीकडे हात केला. "गालिच्यांवर बूट घालून कोण चालतं?"

कुणीच नाही. आणि घरात चपला घालून कोण फिरतं? आमच्या घरात तर कुणाचीच टाप नव्हती. आई मशीनवरून मान वर न करता ओरडायची, चपला दारात. दवाखान्यात बाबांच्या पायात बूट असायचे, घरी ते निघायचे. तिथे चालता यायचं, इथे येत नव्हतं. यापेक्षा सोपं गणित असतं का? मी नऊ वर्षांची असताना मला ते आलं नाही, ठीक आहे. तेविसाव्या वर्षी, हाच विषय दीड वर्ष शिकून, हातात पट्टी असूनही आलं नाही. मी अशा घरातून आले होते जिथे अनवाणी चालतात, आणि परदेशात येऊन पहिली गोष्ट मी तीच विसरले होते.

मला इतका राग आला, की मी तिथेच गालिच्यावर फतकल मारून बसले. त्या तंत्रज्ञाचा राग आला, ज्याने एक ओळ लिहून हात झटकले. सरांचा आला. आत्याचा आला. आणि पंधरा वर्षांच्या त्या शहाण्या मुलीच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं, ती समोर नव्हती म्हणून वाचली. बाईने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि सुईत दोरा ओवायला लागली.

घोट्यापाशी चार स्क्रू असतात. पुढचा सैल करायचा, मागचा आवळायचा. दहा मिनिटांचं काम. तिला उभं केलं, दोनदा बदललं, तिसऱ्यांदा ती खोलीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. हात कुठे लावला नाही. मग तिने एक गुंडाळलेला गालिचा खांद्यावर घेतला, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन टाकला आणि म्हणाली, "हं." मी तिला सांगितलं, बाहेर जाताना आता सपाट तळाचेच बूट घालायचे, टाचेचे नाहीत. तिने मान हलवली. कौतुक वगैरे काही नाही, आणि मला ते नकोच होतं.

मी फॉर्म काढला. सह्या करणारी माणसं सहसा सहीची जागा शोधतात. ही बाई पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, बोट ठेवून. पान उलटलं. मागचा शेरा वाचला.

"हे कोणी लिहिलं? इच्छा दिसत नाही म्हणून."

"सरांनी."

"तुला पटतंय?"

"नाही. पण आता पाय नीट झालाय ना? सही केलीत की हे सगळं फाइलीत जाईल."

"म्हणजे माझ्या फाइलीत," बाई म्हणाली. "हा पाय चार-पाच वर्षं टिकेल. मग मी दुसरा मागायला येईन, तेव्हा तिथे कोणी नवीन असेल. तो आधी हे वाचेल, मग माझ्याकडे बघेल. हे दुरुस्त कर. मग सही."

मी तिला समजावलं. तीन वेळा परत आलेला पाय बनवणाऱ्याच्या चुकीने आला असं लिहिलं, तर सही असो नसो, मी नापास. सहा महिने आणखी. घरी पुढच्या महिन्यात वाट बघताहेत. सांगता सांगता माझी भाषा अडखळायला लागली आणि मी तिच्यावरच चिडले. म्हटलं, मी एवढ्या लांबून आले, तुमचा पाय नीट करून दिला, आणि तुम्ही मला एका चौकोनासाठी अडवताय.

तिने ऐकून घेतलं. "तुझे सहा महिने जातील," ती म्हणाली. "वाईट आहे. पण मी काय केलंय, की ते माझ्या नावावर लिहायचं?"

याचं खोटं उत्तर होतं, एकदम तयार, सरांच्या अक्षरात समोर लिहिलेलं. एक कागद माणसाचं काय करतो ते मी घरात बसून चौदा वर्षं बघितलं होतं. नुसतं बघितलंही नव्हतं, मी त्याला वारा घातला होता. आणि आता तसलाच कागद माझ्या हातात होता, पेन माझं होतं.

मी तिन्ही खुणा खोडल्या, दुसऱ्या चौकोनात केल्या आणि शेऱ्याखाली लिहिलं: जुळवणी बूट धरून केली, रुग्ण काम अनवाणी करतात. चूक बनवणारीची. रुग्णाने तीन वेळा लेखी कळवलं, आम्ही वाचलं नाही. शेवटचं वाक्य लिहिताना पेनने कागद फाटला. बाईने ते वाचलं आणि सही केली, फाटलेली जागा अंगठ्याने दाबून.

परतीची बस यायला अर्धा तास होता. थांब्यावरच्या बाकावर बसून मी घरी फोन लावला. बाबांनी उचलला. मागे आईचं मशीन चाललं होतं.

"बाबा, मी पुढच्या महिन्यात येत नाहीये. सहा महिने वाढले."

"का गं? नापास झालीस?"

"हो."

"असू दे," ते म्हणाले. "होतं असं. आईला मी सांगतो हळूहळू. तू जेवतेस ना वेळेवर?"

ते असं बोलले नसते तर बरं झालं असतं.

"बाबा, दवाखान्यात तुम्हाला चालून बघायला लावायचे, तेव्हा पायात काय असायचं?"

"कुठल्या दवाखान्यात? त्या? आता काय त्याचं?"

"सांगा ना."

"बूट. वखारीतून मिळालेले काळे. जाड टाचेचे."

"आणि घरी?"

"घरी काय? घरात बूट घालून उभा राहिलो असतो तर तुझ्या आईने ठेवलं असतं का मला?"

मग मी सांगितलं. टाच, कोन, नडगी, सगळं. गालिचेवाल्या बाईचंही सांगितलं, ती भिंत कशी धरत होती ते. म्हटलं, तो पाय तुम्हाला खरंच मागे लोटत होता. तुमच्या मनात होतं की नव्हतं याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. घरात नुसती एक टाचेची चप्पल घातली असती तरी चालला असतात.

"चप्पल," बाबा म्हणाले.

"हो."

मशीन चालू होतं, एक शिवण संपून दुसरी सुरू झाली. फोन कटला की काय म्हणून मी दोनदा स्क्रीनकडे बघितलं.

"बाबा, मी तेव्हा पाहुण्यांसमोर जे बोलले—"

"ते राहू दे," बाबा म्हणाले. "ते नंतर बोल. मी आईला फोन देतो, आधी तिला सांग. सगळं सांग, आत्ता मला सांगितलंस तसं. मी चौदा वर्षं सांगतोय, माझ्याकडून तिला खरं वाटत नाही."